माळ्यावर सापडलेले लिओचे ही-मॅन, खरे की डुप्लिकेट? आणि नीट ठेवायचे कसे?

मुग्धा_डोंबिवली

नमस्कार मंडळी, आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय त्यामुळे सध्या घर रिकामं करणं चालू आहे आणि माळ्यावरून एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा निघालाय, आत माझी आणि दादाची ही-मॅनची खेळणी. दूरदर्शनवर ही-मॅन लागायचं तेव्हाची. ही-मॅन, स्केलेटर, मॅन-ॲट-आर्म्स आणि हिरवा वाघ म्हणजे बॅटल कॅट, पण वाघाचं खोगीर आणि मुखवटा कुठेच सापडत नाहीये. वाघ मामाने मस्कतहून आणला होता हे आईला पक्कं आठवतंय, बाकीचे तिघं दादरला घेतलेले. एका पाकिटाच्या कार्डाचा अर्धा तुकडापण आहे डब्यात, त्याच्यावर लिओ मॅटेल असं छापलंय.

ऑफिसमधला एकजण असल्या जुन्या गोष्टी घेतो, त्याला फोटो दाखवले तर म्हणाला हे इंडियन आहेत, म्हणजे डुप्लिकेट, सगळे मिळून पाचशे देतो. मला पैशाचं एवढं नाही पण डुप्लिकेट म्हणाला ते लागलं. मग मी नीट बघायला लागले तर मलाही शंका यायला लागल्या. मॅन-ॲट-आर्म्सला टीव्हीवर चांगली जाड मिशी होती, आमच्याकडच्याला मिशीच नाही आणि खोडल्याची खूणही नाही. दोन तलवारी आहेत त्या दोन्ही एका बाजूने एकदम सपाट, म्हणजे अर्ध्या कापल्यासारख्या. ही-मॅनच्या पाठीवर मॅटेल आणि १९८१ कोरलंय, पण आम्ही घेतले ते ८७-८८ च्या सुमारास. त्यात ही-मॅनचे पाय लुळे पडलेत, उभा राहत नाही, आणि स्केलेटरचं डोकं हाताला जरा चिकट लागतं.

तर खरे की खोटे, आणि खरे असतील तर साफ कसे करू? दादा कॅनडाला असतो, तो म्हणतोय एकही टाकू नकोस. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे तो रोज मागतोय खेळायला. काय करू सांगा.

कवटीगड

मुग्धाताई, पहिलं म्हणजे त्या ऑफिसवाल्याला काहीही देऊ नका. इंडियन म्हणजे डुप्लिकेट हे साफ खोटं आहे. लिओ हा ब्लो प्लास्टचा ब्रँड, म्हणजे व्हीआयपी सुटकेस काढणारा मुंबईचा ग्रुप, आणि त्यांनी ही-मॅन काढणाऱ्या अमेरिकेच्या मॅटेल कंपनीशी रीतसर करार करून आपल्याकडे ही-मॅन, बार्बी, हॉट व्हील्स काढले. परवान्याने बनलेला माल आहे तो. त्या काळी मॅटेलची हीच खेळणी तैवान, मलेशिया, मेक्सिको, फ्रान्स, स्पेन अशी कुठे कुठे बनायची आणि प्रत्येक ठिकाणच्या पीसमध्ये थोडाफार फरक पडायचा, कुठे डोक्याचं प्लास्टिक कडक, कुठे मऊ, कुठे रंगाची छटा वेगळी. जगभरचे कलेक्टर नेमके हे फरक शोधत असतात. लिओच्या हॉट व्हील्स गाड्यांचंच बघा, रंग वेगळे निघाले म्हणून बाहेरचे लोक आज हौसेने मागतात. आपल्याकडे मात्र "मेड इन इंडिया" वाचलं की लोक भंगारात घालतात, मी जुन्या बाजारात गाठोड्याच्या तळाशी पडलेले बघितलेत, खूप वाईट वाटतं.

आता मिशी. मिशी नाही म्हणूनच तो खरा आहे! कारण खेळणी आली १९८२ ला आणि फिल्मेशनचं कार्टून आलं १९८३ ला. आधी खेळणं, मग कार्टून. मॅन-ॲट-आर्म्सला मिशी दिली कार्टूनवाल्यांनी, खेळण्याचा साचा तोवर बनून गेलेला होता, त्यामुळे त्या सगळ्या मूळ मालिकेत तो बिनमिशीचाच आहे. तुम्हाला जुना म्हणून मिशीवाला कोणी विकायला आला तर तिथे शंका घ्या.

तलवारींचं तर त्याहून भारी आहे, दोन्ही घ्या आणि सपाट बाजू एकमेकांना लावून बघा. ही-मॅनकडे अर्धी आणि स्केलेटरकडे अर्धी, दोन्ही जुळल्या की एक पूर्ण तलवार होते आणि त्याच तलवारीने ग्रेस्कलचा किल्ला उघडतो अशी मूळ गोष्ट होती. सुरुवातीला अमेरिकेत पाकिटातून छोटी कॉमिक्स यायची, त्यात तर कार्टूनमधला ही-मॅन होणारा राजपुत्र प्रिन्स ॲडम वगैरे काही नव्हतंच, ही-मॅन हा जंगलातल्या टोळीतला योद्धा होता. कार्टूनमध्ये ही अर्ध्या तलवारीची भानगड काढून टाकली म्हणून आपल्या कोणालाच माहीत नाही. तुमच्याकडे दोन्ही अर्ध्या शाबूत आहेत ही फार मोठी गोष्ट आहे, कारण मुलांच्या हातून सगळ्यात आधी तलवारच हरवते, आणि दोन्ही शिल्लक राहणं फारच कमी.

१९८१ हे कॉपीराइटचं साल. डिझाइन कधी नोंदवलं ते, पीस कधी बनला ते नाही. त्यामुळे ८७ ला दादरला घेतलेल्यावर १९८१ असणं बरोबरच आहे.

एक टेस्ट करा, ही-मॅनची कंबर हळूच एका बाजूला वळवा आणि सोडा, आतली स्प्रिंग जिवंत असेल तर तो झटक्यात परत फिरून ठोसा मारेल. रस्त्यावरच्या नकली पीसमध्ये बहुतेक वेळा पोकळ धड असतं, स्प्रिंग नसते. कोपर आणि गुडघा पण बघा. जुन्याचं कोपर वाकत नाही, हात घडवतानाच वाकलेला असतो. हल्ली मॅटेलने ओरिजिन्स नावाने तशाच तोंडावळ्याचे नवीन काढलेत, त्यांना कोपरात आणि गुडघ्यात सांधे असतात, काहीजण तेच थोडे मळवून जुने म्हणून खपवतात.

ठाणेकर_निख्या

भारीच की, मी तर म्हणतो फोटो टाक आणि विकून मोकळी हो, ठेवून ठेवून प्लास्टिक खराबच होणार आहे, आपल्या हवेत तर नक्कीच. ईबेवर लोक काय काय भाव लावतात बघ जरा, डोळे फिरतील

कवटीगड

निख्या, लावलेला भाव आणि मिळालेला भाव यात जमीन अस्मानाचा फरक असतो रे. ईबेवर "सोल्ड"चा फिल्टर लावून बघायचं, प्रत्यक्षात कितीला गेला ते कळतं. नुसता लावलेला भाव वर्षानुवर्षं तसाच पडून असतो.

रत्नागिरीचा_केमिस्ट

ताई, मी कोकणात राहतो, पावसाळ्याचे चार महिने काय हवा असते ते तुम्हाला माहितीच आहे, आणि माझ्याकडे पण जुनी खेळणी आहेत, म्हणून साफसफाईचं मी सांगतो, घाई करून धुवायला घेऊ नका आधी हे वाचा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाण्यात बुडवू नका. वर ज्या स्प्रिंगबद्दल लिहिलंय ती धातूची आहे आणि धड दोन भाग चिकटवून बंद केलेलं असतं, आत पाणी गेलं की निघत नाही, स्प्रिंग गंजते आणि सहा महिन्यांनी कंबरेच्या फटीतून तांबूस पाणी यायला लागतं. हात, पाय, चेहरा कोमट पाण्यात अगदी थोडा साबण घालून मऊ ब्रशने पुसायचं, कंबर आणि मानेची फट कोरडी ठेवायची. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल यातलं काही लावायचं नाही, कडक प्लास्टिक विरघळतं आणि रंग तर लगेच जातो. स्केलेटरच्या चेहऱ्यावरचा पिवळा हिरवा रंग वरून दिलेला आहे, तिथे घासूच नका, नुसतं टिपा.

चिकटपणा का येतो तर त्याचं डोकं मऊ पीव्हीसीचं आहे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेला असतो आणि तो वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येतो, विशेषतः गरम बंद जागेत. आपला माळा उन्हाळ्यात किती तापतो बघा, त्यात पत्र्याचा बंद डबा. साबणपाण्याने पुसलं की जाईल, काही महिन्यांनी परत येईल, परत पुसायचं. हवा खेळती राहिली पाहिजे, एकदम हवाबंद करून ठेवलं की चिकटपणा वाढतो. आणि मऊ रबरी भाग दुसऱ्या कडक प्लास्टिकला टेकून ठेवू नका, तो प्लास्टिसायझर कडक प्लास्टिकमध्ये शिरतो आणि तिथे वितळल्यासारखा खड्डा पडतो. प्रत्येकाला वेगळ्या साध्या पॉलिथिनच्या पिशवीत ठेवा, तोंड उघडं, बाजूला सिलिका जेलची पुडी.

आणि हात जोडून सांगतो, डांबराच्या गोळ्या ठेवू नका!! आपल्याकडे कपाटात काही ठेवायचं म्हटलं की आई आधी चार डांबर गोळ्या टाकते. नॅप्थॅलिनची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते, चिकट करते, कपड्यांना चालतं ते खेळण्यांना चालत नाही.

कार्डाचा तुकडा जपा, तो पण कलेक्शनचाच भाग आहे. सेलोटेप लावू नका, काही वर्षांत टेपचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो. ॲसिड-फ्री पुठ्ठ्यावर ठेवून मायलरच्या म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात घाला, कॉमिक्स गोळा करणाऱ्यांकडे हे मिळतं. बुरशीचे ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसू नका, आधी दोन दिवस पंख्याखाली पूर्ण कोरडं करा आणि मग कोरड्या मऊ ब्रशने झटका, हे बाल्कनीत करा, घरात नको. उन्हात मात्र काहीच वाळवत ठेवायचं नाही, ना कागद ना खेळणी, रंग उडतो.

पाय लुळे पडलेत त्याची काळजी नको, तो दोष नाही, वय आहे. दोन्ही पायांना वरती हूक असतात आणि मधे एका रबराने ते ओढून धरलेले असतात, चाळीस वर्षांत रबर सुटतं किंवा सैल होतं. पाय हळूच बाहेर ओढून नवं रबर अडकवता येतं, लोक केसांचं छोटं रबर पण वापरतात. पण जोर लावू नका, प्लास्टिकचा हूक तुटला की काम वाढतं. आणि जुनं रबर फेकू नका, पाकिटात घालून ठेवा, कोणाला दिलीत तर बदललंय हे सांगा.

मुग्धा_डोंबिवली

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, खरंच खूप आभार. तलवारी जुळवून बघितल्या, अगदी टक्क बसल्या! आईपण बघायला आली, दादाला व्हिडिओ कॉल करून दाखवलं तर तो कितीतरी वेळ नुसता बघतच होता. आम्ही दोघं अख्खं बालपण त्या दोन तुटक्या तलवारी समजून खेळलो, कोणी सांगितलंच नव्हतं. स्प्रिंग ही-मॅनची आणि स्केलेटरची चालते, मॅन-ॲट-आर्म्सची जरा आळशी आहे, फिरतो पण अर्ध्यात थांबतो. पण त्याचं चिलखत सगळं आहे, छातीचं, हातावरचं, पायावरचं आणि ती गदा पण. स्केलेटरची मेंढ्याच्या डोक्याची काठी आहे. ही-मॅनची कुऱ्हाड आहे, ढाल नाही.

वाघाच्या पोटावर मलेशिया लिहिलंय, म्हणजे मामाची गोष्ट जुळतेय. पण एक विचारायचं होतं, वाघ ही-मॅनच्या मानाने खूप मोठा का वाटतो? आणि लिओच्या पीसवर "इंडिया" असायलाच हवं का? आणि मुलाला खेळायला द्यायचं का ते कोणीच सांगितलं नाही.

कवटीगड

वाघाचं उत्तर सोपं आहे, तो मुळात ही-मॅनसाठी बनलेलाच नव्हता. मॅटेलची बिग जिम म्हणून मोठ्या बाहुल्यांची दुसरी मालिका होती, त्यातल्या वाघाचा साचा तयार होता, तो हिरवा रंगवून खोगीर घातलं. ही-मॅनचे पहिले नमुनेसुद्धा बिग जिमवर माती लावून फुगवूनच केले होते. हे सगळं कारण स्टार वॉर्सच्या खेळण्यांचं लायसन्स मॅटेलने घेतलं नव्हतं, १९७७ चा सिनेमा आणि मग केनर कंपनीने काढलेले त्याचे पावणेचार इंची बाहुले बेफाम खपले, तेव्हा मॅटेलला स्वतःचं काहीतरी घाईने उभं करायचं होतं. म्हणून यांनी साडेपाच इंचाचे, दंड फुगलेले, तलवारही आहे आणि लेझर गनही आहे असं जग काढलं. साचे परत परत वापरायचे हे तर पहिल्यापासून ठरलेलं, एकच धड, एकच पाय, डोकं आणि चिलखत बदललं की नवा माणूस. स्टिंकॉर म्हणून एक व्हिलन आहे तो असाच मर-मॅन या दुसऱ्या व्हिलनच्या साच्यातून निघालाय, त्याच्या प्लास्टिकमध्येच वास मिसळला होता आणि आजही जुना स्टिंकॉर नाकाशी नेला तर वास येतो! असल्या गोष्टींसाठीच मला ही मालिका इतकी आवडते.

इंडियाबद्दल, तुमच्याकडे कार्डाचा तुकडा आहे हाच पुरावा. कार्ड आणि खेळणी एकाच घरातून, एकाच डब्यातून निघालीत, आईला कुठून घेतलं ते आठवतंय, हे सगळं आजच एका कागदावर लिहून डब्यात ठेवा. कोणत्या साली साधारण, कोणत्या दुकानातून, कोणी दिलं. भारतातल्या खेळण्यांबद्दल लिहून ठेवलेलं फार कमी आहे, अमेरिकन मालिकेचा एकेक पीस नोंदवलेला आहे आणि आपल्या लिओचं मात्र लोकांच्या आठवणीतूनच गोळा करावं लागतं.

पणजीकर

वरच्या सगळ्यांशी सहमत आणि गोव्यावरून एक जोडतो. असंच फनस्कूलच्या जी. आय. जोंचं म्हणजे त्या छोट्या सैनिक बाहुल्यांचं आहे. फनस्कूल १९८७ ला एमआरएफ आणि अमेरिकेच्या हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने मिळून चालू केली, कारखाना आमच्या गोव्यात, हॅस्ब्रोच्या जुन्या साच्यांतून इथे माल निघायचा आणि रंग कधीकधी असे निघाले की अमेरिकेत ते कधी दिसलेच नव्हते. आता तिकडचे लोक फनस्कूल म्हणून वेगळा कप्पा करून ठेवतात. ज्यांच्या घरी ते आहेत त्यांनी कंबरेतलं ओ-रिंग बघा, रबराचं आहे, वाळून तुटतं आणि बाहुला मधोमध दोन तुकडे होतो, लोक तुटला म्हणून टाकून देतात, अहो दोन रुपयांच्या रिंगचं काम असतं ते, पाठीचा एक स्क्रू काढायचा आणि बदलायची.

मुलाच्या बाबतीत माझं मत, बघू द्या, हातात घेऊ द्या, तलवार जुळवू द्या, पण तुम्ही बाजूला बसलेल्या असताना. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तोंडात घालायचं वय गेलं असलं तरी खेळून झाल्यावर हात धुवायला लावा. एकट्याकडे सोडू नका कारण त्या तलवारी एकदा सोफ्यात गेल्या की गेल्या.

एडिसन_एनजे

मी पणजीकरांच्या विरुद्ध बोलणार आहे. मी न्यू जर्सीत बरीच वर्षं ही खेळणी गोळा करतोय. मुलाला द्या खेळायला, खरंच द्या. ही कार्डवर बंद असलेली कोरी खेळणी नाहीत, सुटी आहेत, वापरलेली आहेत, तुमच्या हातांनी झिजलेली आहेत. इकडे ग्रेडिंगवाले ॲक्रिलिकच्या पेटीत सील करून नंबर देतात, ते कोऱ्या पीससाठी ठीक आहे, तुमच्या ही-मॅनला त्या पेटीत घालून काय मिळणार. दोन तलवारी, काठी, चिलखत, गदा तेवढं वेगळ्या डबीत तुमच्याकडे ठेवा, बाकी बाहुले चांगले दणकट आहेत, आठ वर्षांच्या पोराच्या हाताने मोडणार नाहीत.

खोगीर आणि ढालीसाठी बाहेरून मागवायचा विचार असेल तर दोन गोष्टी. बाजारात रिप्रो म्हणजे नव्याने पाडलेले भाग खूप आहेत, चांगले विकणारे स्पष्ट लिहितात, बाकीचे लिहीत नाहीत, प्लास्टिकची चकाकी आणि कडा जुन्या भागाशी ताडून बघायच्या. आणि भारतात खेळण्यांवर कस्टम ड्युटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के, वर १ जानेवारी २०२१ पासून बीआयएस मार्क (सरकारी दर्जाचा शिक्का) सक्तीचा, त्यामुळे पार्सल अडकू शकतं. दादा कॅनडातून येताना बॅगेत घेऊन येईल ते सगळ्यात बरं. पण माझा सल्ला असा की वाघाला खोगीर शोधताना आधी मामांच्या घरचा माळा बघा.

पणजीकर

एडिसन, तुमचं म्हणणं पटतंय, पण मॅन-ॲट-आर्म्स नको द्यायला. त्याची स्प्रिंग अडकतेय म्हणजे आत आधीच काहीतरी झालंय, सारखा फिरवला तर कायमची जाईल. ही-मॅन आणि वाघ द्या.

रत्नागिरीचा_केमिस्ट

बरोबर, आणि मॅन-ॲट-आर्म्सची कंबर सध्या वळवून ठेवू नका, सरळ ठेवा, स्प्रिंगवर ताण नको. त्यात तेल पण घालू नका, खोबरेल तर नाहीच.

मुग्धा_डोंबिवली

मामीला फोन केला. पत्र्याची एक पेटी त्यांच्याकडे कल्याणला अजून आहे म्हणाली, मस्कतहून आणलेलं सामान होतं त्यातली, उघडली नाहीये कित्येक वर्षांत. रविवारी जातेय बघायला. ऑफिसवाल्याला नाही म्हणून सांगितलं. ही-मॅन आणि वाघ मुलाला दिलेत, हात धुवायच्या अटीवर. खोगीर सापडलं तर इथेच फोटो टाकते, तोवर कोणाकडे लिओच्या ही-मॅनचं पूर्ण कार्ड असेल तर मागच्या बाजूचा फोटो टाकाल का, आमच्या तुकड्यावर अर्धीच चित्रं आहेत, लिओने नक्की कोण कोण काढले होते ते बघायचंय.